विषय : समुद्र पाहणेबाबत

बीडच्या माणसाला समुद्र असाच उठून बघता येत नाही. आधी तो मंजूर करून घ्यावा लागतो.

आमच्या घरी हा प्रस्ताव यंदाच्या गुढीपाडव्याला दाखल झाला. सूचक आमची कन्या, दहावीच्या परीक्षेतून नुकतीच सुटलेली. अनुमोदक तिची आई. विषय : मे महिन्यात चार दिवस, सहकुटुंब, समुद्रकिनारी. ताटात श्रीखंड होतं, मंडळी सुस्तावली होती, कुणी काही बोललं नाही. ठराव एकमतानं पास झाला असं पोरीला वाटलं. लहान आहे अजून. आमच्या घरात कुणी कशालाच नाही म्हणत नाही, हे तिला कळायचंय. नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसतं. आम्ही फक्त अट घालतो.

पहिली अट आईची. हात धुता धुता तिनं विचारलं, "तिथं देव कोणता हाय?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या जिल्ह्यात देवाशिवाय पाणी बघायची पद्धत नाही. सौताड्याचा धबधबा बघायचा तर खाली रामेश्वर आहे म्हणून. कपिलधारला जायचं ते मन्मथस्वामींच्या समाधीला. धबधबा आपला वाटेत लागतो. बीड शहरातलं कंकालेश्वराचं देऊळ तर कुंडाच्या मधोमधच बांधलंय, पाणी बघायचं तर महादेवाला हात जोडूनच बघा. नुसतं पाणी बघून आलो, असं चारचौघांत सांगायची सोय नाही. लोक विचारतील, का, नळ आला होता काय?

कोकणानं आमची ही खोड फार आधी ओळखलीय. गणपतीपुळ्याला देऊळ अशा जागी आहे की गाभाऱ्यातून बाहेर पडलं की पाय वाळूत. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाटच समुद्राच्या कडेनं जाते आणि भरतीला बंद होते. म्हणजे पुण्य कमवायचं तर आधी ओहोटीची वेळ विचारा. दिवेआगरला सुवर्णगणेश. १९९७ साली वाडीत खणताना पेटीत सापडला, २०१२ साली चोरीला गेला, २०२१ साली नव्यानं बसवला. ही तारीखवार माहिती मी काढलेली नाही, आईनं सांगितली. समुद्र महाराष्ट्राच्या कुठल्या अंगाला आहे ते तिला नीट माहीत नव्हतं. मुखवटा किती साली परत आला ते पाठ.

गोव्याचं नाव निघालं आणि निघाल्या जागीच मिटलं. आमच्याकडं गोवा हा फॅमिलीचा विषय नाही. गोव्याला 'मित्रांबरोबर' जातात आणि परत आल्यावर घरी कोल्हापूरच्या अंबाबाईचा प्रसाद देतात. दाजींनी गोव्याचं नाव ऐकताच पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. बहीण त्यांच्याकडं बघत होती.

अलिबाग सोपं, सगळ्यात जवळ. पण अण्णा म्हणाले, गावाला सांगायचं काय? अलिबागहून आलो? हे वाक्य इतकं बदनाम आहे की त्याच्यावर बंदी घाला म्हणून कुणीतरी मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. २०१९ साली कोर्टानं ती याचिका फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. अलिबागकरांचं दुःख मी समजू शकतो. त्यांच्या गावाच्या नावावर लोक हसतात. आमच्या जिल्ह्याचं नाव सांगितलं की लोक हसायचे थांबतात.

हे मला खोली शोधताना कळलं. श्रीवर्धनच्या बाजूला एका ठिकाणी फोन लावला. समोरचा गृहस्थ एकदम गोड. एसी आहे, घरगुती जेवण आहे, उकडीचे मोदक आदल्या रात्री सांगावे लागतील, या ना.

"किती जण?"

"अकरा."

"गाडी?"

"क्रूझर. एमएच तेवीस."

"तेवीस म्हणजे…?"

"बीड."

फोन चालू होता. मागं कुठंतरी कावळा ओरडत होता, तो स्पष्ट ऐकू आला. मग ते म्हणाले, "बघतो आणि कळवतो हां." आज चौदा दिवस झाले, बघतायत. मी त्यांना दोष देत नाही. गेल्या दीड वर्षात टीव्ही लावावा तर आमचा जिल्हा, आणि ज्या कारणानं दिसावा त्या कारणानं मलाही माझ्याच गल्लीत खोली भाड्यानं द्यावीशी वाटणार नाही. तरी एक सांगतो. आमच्या क्रूझरमध्ये सगळ्यात धोकादायक वस्तू म्हणजे आईनं बांधून घेतलेला ठेचा.

दुसऱ्या फोनपासून मी 'पुण्याच्या अलीकडून' बोलू लागलो. अडीचशे किलोमीटर अलीकडून, पण अलीकडूनच.

मग तारीख. इथं माणसानं हार मानावी.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय लटकतं. मे महिन्याच्या पानावर दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची खूण, आणि आता बायकोनं हिरव्या पेननं मारलेल्या फुल्या. ५ तारखेला मंगळवार, संकष्टी, म्हणजे अंगारकी. आईचा उपास, आणि त्या दिवशी समुद्रकाठच्या कुठल्याही गणपतीला गेलात तर समुद्र दिसणार नाही, रांग दिसेल. ८ तारखेला मावसभावाच्या मुलाचं लग्न. त्याला न जाणं परवडेल, पण आहेर न पोचवणं परवडणार नाही. १३ तारखेला एकादशी. १६ला अमावास्या, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि १७ मेपासून धोंड्याचा महिना.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की अधिक महिन्यात जावई हा माणूस उरत नाही. तो विष्णू होतो. त्याला पुरणाचे धोंडे करून वाढायचे, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर दिवा, वर कपडे, ऐपत असेल तर चांदीची वस्तू. मी माझ्या सासरचा विष्णू, परळीला. दाजी आमच्या घरचे विष्णू. म्हणजे त्या महिनाभरात सबंध जिल्ह्यातले विष्णू आपापल्या लक्ष्मीला मागं बसवून मोटारसायकलवर फिरत असतात. दाजींनी बजावून ठेवलंय, "समुद्र कुठं पळून जात नाही, धोंडा तीन वर्षांनी येतो." मी त्यांना समजावून पाहिलं. म्हटलं, दाजी, पुराण बघा. लक्ष्मी ही समुद्राची लेक. म्हणजे समुद्र हे विष्णूचं सासर, आणि देव लग्न झाल्यापासून तिथंच मुक्काम टाकून पडलेत. पहिले घरजावई. तुम्हाला वाळूवर पाट मांडून धोंडे वाढतो. दाजींनी विचार केला. म्हणाले, "अनारसे सादळतील."

अशी सगळी वजाबाकी करून उरले ९, १०, ११ आणि १२ मे. त्यातला पहिला दिवस जायला, शेवटचा यायला. मधले दोन समुद्राचे. हे कालनिर्णय १९७३ साली सुरू केलं जयंतराव साळगावकरांनी, जन्म मालवणचा. घराच्या अंगणात समुद्र घेऊन जन्मलेल्या माणसानं आमच्या स्वयंपाकघरात बसून समुद्राची वाट अशी चौकोना-चौकोनानं अडवावी, हा काही न्याय नाही.

प्रवासाचं म्हणाल तर आमच्याकडं आता रेल्वेसुद्धा आहे. १९९५ साली मंजूर झाली, गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला बीडच्या स्टेशनातून पहिली गाडी सुटली. तीस वर्षांची वाट. आम्ही हार घालायला गेलो होतो, काही म्हातारी माणसं रडली. ती गाडी निघाली ती अहिल्यानगरला जाऊन थांबली. समुद्र त्याच्या बराच पुढं आहे. दाजी सरकारी कचेरीत आहेत, त्यांना रजा प्रवास सवलतीत 'महाराष्ट्र दर्शन' बसवायचं होतं, पण त्याला तिकीट जोडावं लागतं आणि क्रूझर तिकीट देत नाही. तर क्रूझरच. जामखेड, नगर, पुणे, मग मुळशीवरून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा. एकूण चारशे किलोमीटरच्या वर. आमचा ड्रायव्हर पंढरपूर, तुळजापूर, शिर्डी, अक्कलकोट डोळे मिटून जातो. प्रत्यक्ष बघितलंय मी, खरंच मिटतो. समुद्राला तो कधी गेलेला नाही. त्यानं एकच विचारलं, "तिथं गाडी लावायला पार्किंग असंल ना देवस्थानाची?"

या पायरीवर आईनं जुनी फाईल उघडली.

१९८७ साली आमच्या शाळेची सहल अलिबागला गेली होती. लाल एसटी, दोन मास्तर, पन्नास पोरं, आणि ओहोटीला चालत गाठलेला कुलाबा किल्ला. मी आठवीत. येताना मी वॉटरबॅग भरून समुद्राचं पाणी आणलं. पिवळी, प्लास्टिकची, गळ्यात पट्टा असलेली वॉटरबॅग; रात्रभर मांडीवर धरून आणली, झोपलो नाही. आईनं ती देवापुढं ठेवली, हळदकुंकू वाहिलं. सागराचं तीर्थ. मग पाच-सहा दिवसांनी, तीर्थ ओतायचं कुठं तर तुळशीत. सगळं ओतलं. आठवड्याच्या आत वृंदावनात काड्या उभ्या. मातीवर पांढरा थर आला होता, मी बोट लावून चाटून बघितला, खारट. आईनं मला मारलं नाही. त्यापेक्षा वाईट केलं. चाळीस वर्षं होत आली, लक्षात ठेवलं.

"तुझ्या त्या समुद्रानं माझी तुळस जाळली," ती म्हणाली. "आन् पाणी बघायचंय ना, मागल्या भादव्यात दारात आलं होतं, तवा बघायचं नव्हतं?"

गेल्या सप्टेंबरचं बोलत होती. सिंदफणा चढली तेव्हा माहेरच्या शेतातला कापूस तर गेलाच, वरची माती पण गेली. वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. पाणी एक तर येत नाही, आणि येतं तेव्हा दार वाजवत नाही. तिच्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. बायकोनं उत्तर दिलं. म्हणाली, "आई, तिकडं त्याला भरती-ओहोटी असते. ते आलं की परत जातं."

अण्णांनी तेवढ्यात पेपर खाली केला.

अण्णांचं सांगायचं राहिलं. तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत भूगोल शिकवला. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, बदली होईल तिथं. फळ्यावर आधी पृथ्वीचा गोल काढायचे, त्याच्याभोवती पाण्याचं अंडं, बाजूला चंद्र. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत म्हणून उधाण. अष्टमीला काटकोनात म्हणून पाण्याला जोर कमी. ज्या पोरांनी विहिरीपलीकडं पाणी बघितलं नव्हतं त्यांच्याकडून हे घोकून घेतलं. आणि स्वतः? स्वतः धरणापलीकडं पाणी बघितलं नव्हतं. शाळेच्या सहली नेल्या त्या पैठण, वेरूळ, देवगिरी. एका वर्षी मोठ्या मुश्किलीनं समुद्राची सहल ठरली, ते १९९१ साल. अण्णांना जनगणनेची ड्यूटी लागली. पोरं समुद्र बघून आली आणि मास्तरांनी माणसं मोजली.

पण हे अण्णा कधी बोलून दाखवत नाहीत. या सगळ्या प्रस्तावावर त्यांचा लेखी-तोंडी शेरा काहीच नव्हता. फक्त मी खोलीचे फोन लावत असलो की ते बाजूच्या खुर्चीत येऊन बसत. पेपर उलटा धरलेला नसे, इतकंच.

खोली मिळाली ती शेवटी देवीमुळं. आत्याबाई आंबाजोगाईला असतात. योगेश्वरी ही कोकणातल्या चित्पावनांची कुलदेवता, त्यामुळं कोकणच्या नंबरच्या गाड्या देवळाबाहेर बारमाही उभ्या. कथा अशी सांगतात की देवी कोकणातून निघाली परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला. वऱ्हाड आंबाजोगाईपर्यंत पोचलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी तिथंच राहिली. परळी तिथून पंचवीसेक किलोमीटर. साक्षात देवीला समुद्रापासून इथवर सगळा सह्याद्री ओलांडून येता आलं आणि शेवटचे पंचवीस किलोमीटर वेळेत जमले नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांचा इतिहास इतका जुना आहे.

तर आत्याबाईंना देवळात एक कुटुंब भेटलं. दिवेआगरच्या बाजूच्या वाडीतलं, घराला लागून चार खोल्या भाड्यानं देणारं. आत्याबाईंनी त्यांना ओटीचं सामान स्वस्तात कुठं मिळतं ते सांगितलं आणि बदल्यात फोन नंबर घेतला. मी फोन केला. या वेळी खोटं बोललो नाही, थेट म्हटलं, बीड.

"आंबेजोगाईचे?"

"जिल्हा तोच."

"अहो मग आधी नाही का सांगायचं! माहेरची माणसं तुम्ही आमच्या देवीची."

माहेर की सासर याचा मी हिशोब घातला नाही. चुकलेल्या मुहूर्ताचं खापर फुटायचं. भाडं किती, विचारलं. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, देवीची माणसं म्हणून काही कमी? ते मनापासून हसले. म्हणाले, देवीलाही आम्ही पूर्ण दक्षिणा देतो.

निम्मे पैसे आगाऊ. "ॲडव्हान्स पाठवा, म्हणजे तारीख पक्की धरतो." आमच्या ड्रायव्हरला या शब्दाचं फार आश्चर्य वाटलं. तो सीझनला ऊसतोडीच्या टोळ्यांची माणसं ने-आण करतो. त्याच्या माहितीतला ॲडव्हान्स उलटा चालतो. मुकादम घरी येऊन उचल देतो, आणि मग नवराबायकोचा कोयता सहा महिने परमुलखात ती फेडत राहतो. दरवर्षी आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं लेकराबाळांसकट बिऱ्हाड बांधून पश्चिमेकडं निघतात. त्यांना खोली बघावी लागत नाही, पालं असतात. तारीख बघावी लागत नाही, कारखाना ठरवतो. "मंग आपुन पैसे देऊन जायचं?" त्यानं विचारलं. "आन् काम काई करायचं न्हाई?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ आरसा पुसत राहिला.

घरमालकांना मी तारखा सांगितल्या. ९ ते १२. ते म्हणाले, "छान. दहाला अष्टमी. भांग आहे. पाणी शांत असेल, लहान पोरांना बरं."

"भांग म्हणजे?"

"उधाणाच्या उलट. आणि भरतीची वेळ सांगू का? तिथीची पाऊणपट करा. आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी सहा, संध्याकाळी सहा. थोडं इकडंतिकडं."

फोन स्पीकरवर होता. अण्णांनी तो माझ्या हातातून घेतला. आमच्या घरात अण्णा कुणाच्या हातातून काही घेत नाहीत, पेपरसुद्धा मागतात.

"नवमीला?" त्यांनी विचारलं.

"नऊ पाऊणे पावणेसात."

"चतुर्थीला?"

"चार पाऊणे तीन."

मग दोघंही थांबले. मग अण्णा म्हणाले, "चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं मागं पडतो. तुम्ही पंचेचाळीस धरताय."

"असेल मास्तर. आमचे खलाशी पाऊणकीवरच चालवतात."

मास्तर हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले की पाऊणकी पाठ करताना पोरं विचारायची, गुरुजी, हे कुठं वापरायचं? ते सांगायचे, हिशोबाला. पोरांना पटायचं नाही. त्यांनाही पटायचं नाही. मग कालनिर्णयासमोर उभं राहून त्यांनी आमच्या चारही दिवसांखाली पेन्सिलनं भरतीच्या वेळा लिहिल्या. गॅसच्या खुणेच्या बाजूला. अक्षर फळ्यावरचं, मोठं.

इथं पोरगी खट्टू झाली. भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे भर दुपारी बारा वाजता, वाळूवर पापड भाजला जाईल अशा वेळी, समुद्र मागं सरकलेला. आणि भांग म्हणजे लाटा लहान. तिला रीलमध्ये मोठ्या लाटा हव्यात. मी म्हटलं, बाळा, लग्न, उपास, धोंडा सगळं सांभाळून समुद्र मिळतोय, तो हाफ डेच मिळणार.

दाजींनी जेवणाची चौकशी केली. घर शाकाहारी. आंबोळी, घावन, फणसाची भाजी, सोलकढी. दाजींचा चेहरा पडला. आमच्याकडं मासा म्हणजे धरणातला, राहू-कटला. सुरमई त्यांनी फक्त मोबाईलवर बघितलीय, पण ज्या आदरानं बघतात तसं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नाही. तेव्हापासून त्यांनी डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंय असं जाहीर केलंय. रोज. एकट्यानं. कोळीवाड्याकडं.

आई मात्र हलत नव्हती. देव आहे म्हटलं, तर एकादशी कुठं सुटेल? बारालाच परत येतोय म्हटलं, तर गुडघे. क्रूझरची पुढची सीट तुझी म्हटलं, तर तुळशीला पाणी कोण घालणार. शेवटी तुळस. मी समजलो, हे १९८७चं प्रकरण आहे, याला अपील नाही. ॲडव्हान्स परत मागायला म्हणून घरमालकांना फोन लावला. पण त्यांनी तोंड उघडू दिलं नाही.

"बरं झालं फोन केलात. एक सांगायचं राहिलं होतं. मे महिना आहे. आमची विहीर दुसऱ्या आठवड्यात तळाला जाते. तेव्हा आंघोळीला माणशी एकच बादली. राग मानू नका."

"कोकणात?" मी म्हटलं. "तुमच्याकडं तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो."

"पडतो हो. उतारावरून सरळ समुद्रात जातो. मेमध्ये आम्हीही टँकरच मागवतो."

आई भाजी निवडत होती. हात थांबला.

"काय म्हनला त्यो? टँकर?"

"हो."

"त्येंच्याकडं?"

"हो. माणशी एक बादली."

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि फळीवरचा मोठा डबा काढला. धपाट्यांना पीठ किती लागेल, शेंगदाण्याची चटणी अकरा माणसांना किती, दशम्या दुधात मळायच्या की नाही, हे सगळं ती भिंतीला सांगू लागली. तिकडच्या बायांनाही थोडी चटणी न्यावी, बिचाऱ्या. तुळशीचं शेजारणीला सांगता येईल. घरात एकदम इतकी गडबड सुरू झाली की दाजींनाही कळेना आपण आता कुठली अट घालावी.

जरा वेळानं डबा पुसत ती माझ्याकडं वळली.

"का रे, त्येंचा टँकर कोणत्या वारी येतो, इचारलंस का?"